नट चालीवरून ओळखावा : लक्षात राहिलेला अभिनय

खाडीकाठ (देवगड)

माझा आजो दशावताराचा, म्हणजे आमच्या जत्रेत रात्री उभ्या राहणाऱ्या नाटकाचा वेडा. आमचं घर वाडीच्या अगदी टोकाला, त्यामुळे जत्रेत पोचेपर्यंत पुढची जागा भरलेली असायची. आम्ही कायम मागे, पाराच्या कठड्याला टेकून. गॅसबत्तीच्या उजेडात तिथून राजाचं तोंड म्हणजे रंगाचा नुसता ठिपका. तरी राजा एंट्रीला आला की आजो लगेच सांगायचा, आज अमका उभा राहिलाय, तमका आजारी दिसतो. मी विचारायचो, कसं कळलं? तो म्हणायचा, "नट तोंडावरून नाय वळखूचो, चालीवरून वळखूचो."

'श्वास' २००४ साली आला तेव्हा आजोची तब्येत खालावली होती. पुढे त्याची सीडी आणून घरातल्या टीव्हीवर लावली. अरुण नलावडे नातवाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. आजो पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "हेचे हात बघ रे. हो नट नाय, हो आपल्यातलोच." मग मीही पूर्ण सिनेमाभर ते हातच बघत बसलो. पिशवी सांभाळणारे, पोराच्या खांद्यावरून न हटणारे, आणि डॉक्टरांसमोर उभं राहिल्यावर कुठे ठेवावेत ते न कळणारे हात. पोराच्या दोन्ही डोळ्यांत कॅन्सर, ऑपरेशन केलं की दृष्टी जाणार, आणि ते पोराला सांगितल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. सांगायचं कोणी? त्या म्हाताऱ्याला शब्द फुटत नाहीत. मग तो ऑपरेशनच्या आधी पोराला उचलून बाहेर नेतो, जग दाखवायला. परशाचं काम करणाऱ्या अश्विन चितळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण माझ्या डोळ्यांसमोरून नलावड्यांचे हात आजही जात नाहीत.

आजो जाऊन आता बरीच वर्षं झाली. जत्रांचे दिवस आले की त्याचं ते वाक्य आठवतं. म्हणून हा धागा काढतोय. तुमच्या मनात घर करून राहिलेला एखादा अभिनय सांगा. "छान काम केलंय" एवढंच नको. हात, पाय, पाठ, मान, चाल, नेमकं काय लक्षात राहिलं ते सांगा. सिनेमा कोकणातलाच पाहिजे असं नाही.

सुरंगीचा वळेसर (वेंगुर्ला)

खाडीकाठ, तुमच्या आजोबांना नमस्कार. मी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. वर्गात फळ्याकडे तोंड असताना मागून कोण आलं ते मला पावलांवरून कळायचं, त्यामुळे हे लगेच पटलं.

मी स्मिता पाटीलच्या दोन चाली सांगते. 'जैत रे जैत' (१९७७) मधली चिंधी ठाकरवाडीतली. ती डोंगर चढते तेव्हा पायाखाली बघत नाही. वर्षानुवर्षं त्याच वाटेने पाणी आणि मोळ्या वाहिलेल्या बाईला बघावं लागतच नाही, पायाला वाट पाठ असते. आमच्याकडच्या लाकूडफाटा आणणाऱ्या बायका अशाच चालतात, कंबर सैल, मान ताठ. पाच वर्षांनी आला 'उंबरठा'. तीच बाई सुलभा महाजन झाली, महिलाश्रमाची अधीक्षक, नेटकी साडी, आणि चालीत एक प्रकारचा घट्टपणा. सुलभा चालताना स्वतःला सांभाळत असते. घरात सासूसमोर वेगळी, आश्रमाच्या ओसरीवर वेगळी, आणि शेवटाकडे घरी परत येते तेव्हा तर आपल्याच घरात पाहुण्यासारखी पाऊल टाकते.

दोन्ही सिनेमे डॉ. जब्बार पटेलांचे. ही मुलगी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची, म्हणजे तिथे फक्त खांद्यापासून वर दिसायची. तिने पुढे पायांनी इतकं बोलावं याचं मला फार अप्रूप वाटतं. १९८६ साली गेली, वय अवघं ३१. त्या दिवशी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कोणी डबा उघडला नव्हता.

होडीवाला (मालवण)

माका 'नारबाची वाडी' सोडून दुसरा काय सुचणाच नाय. दिलीप प्रभावळकर. खोत तेका सांगता, तू जिवंत असासर तुका म्हयन्याक पैशे देतंय, मेलंस की वाडी माझी. आणि म्हातारो काय मरणा नाय! खोत मरता, खोताचो झील येता, तरी नारबा आपलो हाच. मनोज जोशी बापूस आणि झील दोनय जाता, ता पण झकास.

पण पाट बघा. सुरवातीक पाट अशी वाकलेली की वाटता आता पडतलो. मगे दिवस जातत तशी ती पाट हळूहळू वर येता. हेच्यार कोण एक शब्द बोलणा नाय, पाटच सांगता. झाडाक हात लावता तो पण म्हातारो जसो नातवाक लावता तसो लावता. माझ्या आज्यान आमची माडाची वाडी अशीच सांभाळल्यान. तो रोज सकाळी एकेका माडाक हात लावून फिरायचो. माझी बायल माका म्हणता, ह्यो पिक्चर तू कितींदा बघतंस? मी काय सांगू तिका.

चाकरमानी ६२ (मूळ चिपळूण, सध्या डोंबिवली)

सगळ्यांचं वाचून राहवेना म्हणून लिहितोय. जरा लांबेल.

निळू फुले. लहानपणी दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा असायचा. चाळीत एकाच घरी टीव्ही, दारात चपलांचा ढीग. निळूभाऊ पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या. आज पोरंसोरं मोबाइलवर त्यांच्या आवाजाची नक्कल करतात, वाड्यावरच्या दोन वाक्यांपुरता तो माणूस उरलाय, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्यांचा खरा अभिनय आवाजात नव्हताच, खांद्यात होता.

'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील बघा. विजय तेंडुलकरांचं लेखन, १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. साखर कारखाना त्याचा, गाव त्याचं, माणसं त्याची. निळूभाऊ ती सत्ता दाखवायला आवाज चढवत नाहीत. ते आरामात बसतात. दुसऱ्याला उभं ठेवून स्वतः आरामात बसायला मिळणं म्हणजेच सत्ता, हे त्यांना बरोबर कळलेलं. समोर डॉ. लागूंचा मास्तर. दारूडा, विरलेला, पाय नीट न पडणारा. "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न तो विचारत राहतो आणि प्रत्येक वेळी हिंदुरावाचे ते सैल खांदे थोडे थोडे आवळत जातात. पुन्हा बघाल तेव्हा फक्त खांदे बघा.

मग 'सिंहासन' (१९७९). तोच माणूस पत्रकार दिगू टिपणीस. आता खांदे उतरलेले, जणू सगळ्या मंत्र्यांची गुपितं त्याच्याच पाठीवर टाकलीत. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागूंचा अर्थमंत्री, सतीश दुभाषींचा डिकास्टा, एकेक काम असं की बाकीचे सिनेमे त्यावर ओवाळून टाकावेत. पण हे सगळे बोलतात, आणि दिगू ऐकतो. मराठी सिनेमात इतकं चांगलं ऐकणारा नट मी दुसरा पाहिला नाही. शेवटी तो हसत सुटतो, तेव्हा इतका वेळ ऐकलेलं सगळं एकदम बाहेर पडतं.

नट होण्याआधी निळूभाऊंनी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं होतं. मातीत बसून काम केलेल्या माणसाला बसण्याची किंमत ठाऊक असते, असं मला आपलं वाटतं.

आणि आपल्या मुलखाचा धागा हवाच असेल तर 'सामना'तलं "कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे" हे गाणं आरती प्रभूंचं, म्हणजे वेंगुर्ल्याच्या बागलांच्या राईत जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांचं. कुडाळात खाणावळ चालवणारा कवी ओझ्याबद्दल लिहितो तेव्हा ते उगाच लिहीत नाही.

सुरंगीचा वळेसर (वेंगुर्ला)

चाकरमानी, बागलांच्या राईचं नाव काढलंत, डोळे भरून आले हो. बाकी सवडीने लिहिते.

दापोलीची (दापोली)

आमच्या तालुक्यातलं पालगड हे साने गुरुजींचं गाव, म्हणून 'श्यामची आई'बद्दल मीच लिहायला हवं. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. वनमालाबाई मूळच्या इकडच्या नव्हेत. त्याआधी 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरांसमोर उभ्या राहिलेल्या रुबाबदार नायिका. त्यांना कोकणातल्या ओढग्रस्त घरातली आई द्यायची हे अत्र्यांना कसं सुचलं असेल!

मला भावतो तो विहिरीचा प्रसंग. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला झोडपून बाहेर काढते. मीही विहिरीतच पोहायला शिकले, कमरेला सुकडी (तरंगायला बांधतात ती) बांधून. काकाने सरळ ढकलून दिलं होतं, आणि आई काठावर उभी होती. तिने काकाला अडवलं नाही याचा राग मला पुढे दोन-तीन वर्षं होता. वनमालाबाईंच्या हातात मार आहे तसंच त्या माराचं दुःखही आहे. मारणारा हात उगारताना जोरात येतो आणि लागता लागता हलका होतो. पुढे मला मुलगा झाल्यावर हा सिनेमा पुन्हा पाहिला, तेव्हा काठावरची माझी आई मला पहिल्यांदा समजली.

आणखी एक. राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ आजवर पाच मराठी सिनेमांना मिळालंय : 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव'. पाचांतले तीन आपल्या लाल मातीतले. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

होडीवाला (मालवण)

लपवूचो कित्याक? माका पण वाटता.

रेवदंड्याचा (अलिबाग)

मला थोडा विरोध नोंदवायचाय. हात, पाय, पाठ सगळं ठीक, पण आवाजाला असं बाहेर बसवू नका. आमच्याच रायगडातल्या मुरुडचे नाना पाटेकर. 'नटसम्राट' (२०१६) आला तेव्हा आम्ही अख्खं घर गाडी करून बघायला गेलो. आई, मावशी, शेजारचे काका. काकांनी १९७० च्या दशकात डॉ. लागूंचा 'नटसम्राट' रंगमंचावर पाहिला होता, त्यामुळे ते आधीपासून तोंड वाकडं करून बसले होते.

रुग्णालयातला प्रसंग आला. विक्रम गोखल्यांचा रामभाऊ मरणाच्या दारात, आणि दोन म्हातारे मित्र कर्ण आणि कृष्ण होऊन बोलायला लागतात. काकांनी माझा हात धरला तो प्रसंग संपेपर्यंत सोडला नाही. तिथे कोणाची चाल नाही, एक जण तर खाटेवर. आवाज, श्वास, आणि श्वास पुरत नाही म्हणून तुटलेलं वाक्य, एवढंच. गोखल्यांनी तिथे भूमिकेच्या बोलण्यातला संथपणा सोडला नाही आणि मरणाऱ्या माणसाची धापही सोडली नाही. दोन्ही एकाच वेळी. त्यांना 'अनुमती'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खानसोबत विभागून. 'अनुमती'त ते किती हळू बोलतात ते आठवा. व्हेंटिलेटरवरच्या बायकोसाठी सही करायची की नाही, एवढाच प्रश्न, आणि तो माणूस दोन तास एका सहीभोवती फिरतो.

चाकरमानी ६२ (मूळ चिपळूण, सध्या डोंबिवली)

गोखल्यांबद्दल शंभर टक्के सहमत. नानांच्या अप्पांबद्दल नाही. मला तो 'नटसम्राट' फार मोठ्या आवाजातला वाटला. प्रत्येक दुःख प्रेक्षकाच्या पदरात जोराने टाकलेलं. बेलवलकर नट आहे हे खरं, पण तो कधीतरी एकटा असेल ना, कोणी बघत नसताना? तो एकटा अप्पा मला सिनेमात सापडला नाही.

रेवदंड्याचा (अलिबाग)

मला तो काका आणि माझ्या मधल्या खुर्चीत सापडला. तुमचं मत तुमच्यापाशी, दादा. राग नाही. पण आयुष्यभर रंगमंचावर बोललेला माणूस घरातही तसाच बोलतो, हे मी काकांच्या रूपात रोज बघतो. ते गावच्या नाटकात चाळीस वर्षं उभे राहिले. मीठ मागतानाही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असंच मागतात.

खाडीकाठ (देवगड)

दोघांचंही पटतंय. आवाजाला आत घेऊ या, चूक माझी. आजोलाही एखाद्या नटाची आरोळी आवडली की तो ती दुसऱ्या दिवशी गोठ्यात म्हणायचा.

पाणंद (कुडाळ)

मी परिचारिका आहे. हे लिहू की नको, दोन दिवस विचार करत होते.

'देवराई' (२००४), सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. अतुल कुलकर्णी शेष नावाच्या माणसाच्या भूमिकेत. त्याला स्किझोफ्रेनिया आहे आणि गावची देवराई त्याच्या डोक्यात भिनलीय. सोनाली कुलकर्णी बहीण. माझ्या सख्ख्या भावाला हाच आजार. त्याच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्ही काय काय केलं : गाऱ्हाणं घातलं, उतारे टाकले, एका डॉक्टरांनी हवापालट करा म्हणून सांगितलं तर पाहुण्यांकडे पाठवला. आजाराचं नाव कळायला तीन वर्षं गेली.

सिनेमातला वेडा म्हटलं की केस पिंजारलेले आणि डोळे गरगर फिरणारे, असंच आम्ही बघत आलेलो. अतुल कुलकर्णींनी त्यातलं काही केलं नाही. त्यांचा शेष हुशार आहे, गोड आहे, आणि बोलता बोलता मध्येच दुसरीकडे निघून जातो, बसलेला असतानाच. समोरचा माणूस आणि त्याच्यामागे शेषलाच दिसणारं काहीतरी, अशा दोन ठिकाणी नजर वाटली जाते. माझा भाऊ जेवताना अगदी असाच बघायचा. आईने सिनेमा पाहिला आणि पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे हा मुद्दाम नाही करत." या एका वाक्यासाठी मी त्या नटाची जन्मभर ऋणी आहे.

सोनालीच्या वाट्याला आलेलं काम तर त्याहून अवघड. सांभाळणाऱ्या माणसाचं दमणं. ते दमणं ती चेहऱ्यावर आणत नाही, आवाज मुद्दाम नेहमीसारखा ठेवते, आणि म्हणूनच ते मला ऐकू येतं. मीही घरात तसाच आवाज ठेवते.

भावे-सुकथनकरांचाच 'कासव'. आलोक राजवाडे कितीतरी वेळ काही बोलतच नाही, आणि इरावती हर्षे त्याला बोलतं करायची घाई करत नाही. किनाऱ्यावर कासवाची अंडी राखतात, पिल्लू आपलं आपण पाण्याकडे जातं, त्याला उचलून टाकायचं नसतं. वेळासला कासव महोत्सवात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. इरावतीचं काम त्या राखणदारासारखं. जवळ राहायचं, हात लावायचा नाही. रात्रपाळीत हे मला रोज लागतं.

भाऊ आता औषधांवर बरा आहे. काजूच्या बागेचं सगळं तोच बघतो.

दापोलीची (दापोली)

पाणंद, लिहिलंत ते फार बरं केलंत. भावाला सांगा, दापोलीहून एक ताई विचारत होती.

बदलीचं गाव (रत्नागिरी)

'किल्ला' अजून कोणी घेतला नाही म्हणून मी घेतो. माझी आई सरकारी नोकरीत होती. दर तीन वर्षांनी नवं गाव, नवी शाळा, मागच्या बाकावरचा नवा मुलगा म्हणजे मी. अविनाश अरुणचा हा सिनेमा बर्लिनमध्ये लहान मुलांच्या ज्यूरीचं स्फटिक अस्वल घेऊन आला. त्यातला चिन्मय (अर्चित देवधर) बापाच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीबरोबर कोकणातल्या गावात येतो.

सगळे पार्थ भालेरावच्या बंड्याचं कौतुक करतात, आणि तो आहेच तसा. पोट पुढे काढून, सगळ्या गावाचा मालक असल्यासारखा चालतो. पण माझं लक्ष अमृता सुभाषकडे. कार्यालयात नवीन, फाइलवर सही करण्यासाठी दबाव, घरी गप्प झालेला मुलगा. घरी आल्यावर ती लगेच आई होत नाही. कार्यालय अंगावरून उतरायला तिला जरा वेळ लागतो. माझी आई दारातून आत आली की पर्स खुंटीला लावून थोडा वेळ तिथेच भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मला वाटायचं ती माझ्यावर रागावलीय. अमृताला बघितल्यावर मी आईला फोन केला आणि ते विचारलं. ती म्हणाली, "रागावले नव्हते रे. तेवढाच वेळ माझा होता."

कातळशिल्प (राजापूर)

रडवलंत सगळ्यांनी. मी लक्ष्मीकांत बेर्डेंचं नाव घेतो. हसवणाऱ्या नटाला कोणी मोठा अभिनेता म्हणत नाही, हे मला पहिल्यापासून खटकतं. 'एक होता विदूषक' (१९९२), पटकथा-संवाद पु. ल. देशपांड्यांचे, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल. बेर्डे त्यात तमाशातला सोंगाड्या आबुराव. आपल्याला हसवत आलेले तेच हातवारे, तोच वेग, आणि मग हळूहळू तो वेग कमी होत जातो. हसवणारा माणूस दमला की कसा दिसतो ते त्यांनी दाखवलं. तेव्हा लोकांनी हवं तसं डोक्यावर घेतलं नाही. आज बघा आणि सांगा.

सुरंगीचा वळेसर (वेंगुर्ला)

कातळशिल्प, अगदी! यावरून 'काकस्पर्श'मधला सचिन खेडेकरांचा हरी आठवला. तिथे उलटं. पूर्ण सिनेमाभर माणूस स्वतःला बांधून ठेवतो. धाकट्या भावाच्या विधवेकडे, उमेकडे बघायचं नाही म्हणून तो किती ठिकाणी बघतो : तुळशीवृंदावन, ओसरी, देव. आमच्या आत्तेच्या घरात एक काका असेच होते. जाऊ दे, ते नको इथे.

धयकालो (सावंतवाडी तालुका)

खाडीकाठ, तुमची पहिली पोस्ट मी माझ्या बाबांना वाचून दाखवली. बाबांनी बत्तीस वर्षं दशावतारात काम केलं. आधी स्त्रीपार्ट, मग राजपार्ट. आता गुडघे गेले आणि एका डोळ्याने अंधुक दिसतं.

स्त्रीपार्टवरून 'नटरंग' सांगतो. गुणा कागलकर. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानी शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी (तमाशातल्या बायकी सोंगासाठी) ते उतरवलं, याचीच चर्चा झाली. बाबा म्हणाले, वजन काय, उपास केला की उतरतं. मनगट मऊ करणं कठीण. शेतात राबणाऱ्या पुरुषाचं मनगट वळत नाही, ते वळवायला बाबांना दोन वर्षं लागली होती. घरी आजी बघेल म्हणून नदीवर जाऊन सराव करायचे. गुणाच्या बायकोची आणि गावाची नजर बदलते तिथे बाबा उठून बाहेर गेले. पडवीत बसून राहिले. आम्ही कोणी मागे गेलो नाही.

'दशावतार' आला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. दिलीप प्रभावळकर, तेव्हा वय ८१, बाबुली मेस्त्री नावाचा दशावतारी. डोळे अधू होत चाललेत आणि मुलगा म्हणतो, बाबा आता थांबा. हे आमच्याच घरातलं बोलणं, मी हेच वाक्य याच आवाजात म्हणालो होतो. बाबांना बघायला न्यावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं. शेवटी नेलं.

अर्ध्यात मी कानाशी विचारलं, बरोबर आहे का? बाबा म्हणाले, "गप. पाय बघ." बाबा सांगतात, आमच्या रंगमंचावर एक पडदा आणि एक बाकडं, बाकी काही नाही. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. संहिता लिहिलेली नसते, रात्री पेटारा उघडून रंग लावायच्या आधी कथानक ठरतं, आणि बोलणं सगळं जागच्या जागी. म्हणून नटाची नजर बोलण्यात गुंतते आणि जागा पायाला सांभाळावी लागते. बाकड्यापासून पडद्यापर्यंत किती पावलं, पखवाजवाला कुठल्या अंगाला, हे पाय मोजतो. डोळे गेले तरी हे मोजमाप जात नाही. बाबांच्या मते प्रभावळकर घरात चाचपडत चालतात आणि रंग लागला की एकदम खात्रीने पाऊल टाकतात. "हां ह्या कोणीतरी तेका सांगलेला आसा, नायतर तेनी खूप बघलेला आसा," असं म्हणाले.

घरी येताना गाडीत काही बोलले नाहीत. घाट उतरल्यावर मला म्हणाले, "तू थांबा म्हणालंस ता बरोबर होता. पण तेवाच नको होता."

होडीवाला (मालवण)

रे देवा.

चाकरमानी ६२ (मूळ चिपळूण, सध्या डोंबिवली)

"पण तेवाच नको होता." हे कुठल्या लेखकाला सुचणार नाही. बाबांना माझा साष्टांग नमस्कार. प्रभावळकरांचा आवाकाही बघा : चिमणराव, 'चौकट राजा'तला नंदू, 'हसवाफसवी'तली सहा माणसं, गांधीजी, नारबा आणि आता बाबुली. चिमणरावाची लगबग आणि नंदूचं ते अंग चोरून चालणं एकाच माणसाचं, हे अनोळखी माणसाला सांगून पटणार नाही.

पाणंद (कुडाळ)

धयकालो, बाबांच्या डोळ्यांची तपासणी झालीय का? मोतीबिंदू असेल तर उशीर करू नका. व्यक्तिगत निरोपात लिहा, मी सांगते कुठे जायचं ते.

धयकालो (सावंतवाडी तालुका)

ताई, निरोप पाठवलाय. आभार.

खाडीकाठ (देवगड)

धयकालो, तुमची पोस्ट काल रात्री तीनदा वाचली. बाबांनी देवगड भागात कामं केली असतील तर माझ्या आजोने त्यांना नक्की पाहिलं असणार, आणि तोंड न बघता ओळखलंही असणार. बाबा आता कुठल्याच जत्रेला जात नाहीत का? मला त्यांना भेटायचंय. सिनेमावर बोलायला नाही, नुसतं भेटायला.

धयकालो (सावंतवाडी तालुका)

देवगडात खूप कामं केली म्हणतात. गावांची नावं सांगत बसलेत, मला लिहून घेता आली नाहीत.

आमच्या गावची जत्रा येत्या शनिवारी. पालखी फिरून आली की बारा-साडेबारानंतर नाटक उभं राहील. बाबा स्वतः उभे राहणार नाहीत, पण पायपेटीवाल्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात. तुम्ही या. पुढे जागा ठेवतो असं मी म्हणालो, तर बाबा म्हणाले, नको, त्याला मागे बसव, पाराकडे, आणि कोण कोण उभा राहिलाय ते मला येऊन सांगू दे.

खाडीकाठ (देवगड)

शेवटची एसटी पकडून येतो.